पहिली ते चौथीसाठी सुरक्षित स्पर्शाच्या तासिका : आराखडा, अडचणी आणि सूचना

मेधा_सातारा

बाल लैंगिक शोषण रोखण्यासाठी शाळेत जे शिकवलं जातं, त्याचा बराचसा भाग आजही परिपाठाच्या वेळी मैदानावर माईकवरून चाळीस मिनिटं, वर्षातून एकदा, एवढाच असतो. तीनशे-चारशे मुलं उन्हात बसलेली, त्यात सहा वर्षांचं मूलही आणि चौदाचंही. अहवालात फोटो लागतो, मुलांच्या हाती काही लागत नाही. म्हणून वर्गात घेण्याजोगा सहा तासिकांचा आराखडा मांडते. कुठे कच्चा वाटतो ते सांगा.

तासिका ३५ मिनिटांची, आठवड्याला एक, एका वेळी एकच तुकडी, मुलगे-मुली एकत्र. वर्गात दोन प्रौढ हवेत: एक शिकवणारी व्यक्ती आणि दुसरी मागे बसून मुलांचे चेहरे बघणारी. एखादं मूल मध्येच गप्प झालं, पोट दुखतं म्हणालं, जास्तच हसायला लागलं, तर शिकवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

पहिली तासिका रस्ता, वीज, आग यांच्या नियमांची. दुसरी शरीराच्या अवयवांची, खाजगी अवयवांच्या नावांसह. तिसरी शरीराच्या नियमाची. चौथी गुपितांची. पाचवी ‘कोणाला सांगायचं’ याची. सहावी चित्रकार्डांवर सराव. साहित्य: शरीराच्या बाह्यरेखेची दोन चित्रं (पुढून, मागून), दहा-बारा प्रसंगकार्डं, पंजा काढायला कोरे कागद, चिठ्ठ्यांचा डबा. खर्च नगण्य आहे.

दोन प्रश्न. तिसऱ्या तासिकेत ‘गुड टच, बॅड टच’ हे नेहमीचे शब्द ठेवावेत का? आणि पालकसभा तासिकांच्या आधी घ्यावी की नंतर?

वैशाली_समुपदेशक

मेधाताई, पालकसभा आधीच, त्यावर पुढे लिहिते. ‘गुड टच, बॅड टच’ मात्र काढाच.

लहान मुलाला ‘बॅड’ म्हणजे दुखणारं वाटतं. इंजेक्शन दुखतं, आईचा धपाटा दुखतो, मग ते बॅड. उलट शोषण करणारा माणूस बहुतेक वेळा दुखवत नाही. गुदगुल्या करतो, मांडीवर घेतो, मोबाईल देतो. स्पर्श सुखद वाटला तर मुलाच्या हिशोबाने तो ‘गुड’ ठरतो. शिवाय ‘बॅड टच’ झालेलं मूल स्वतःला बॅड समजायला लागतं, आणि मग ते सांगत नाही.

अमेरिकेत सँडी वुर्टेल यांनी ऐंशीच्या दशकात नेमकं हेच तपासलं होतं. एका गटाला ‘मनाला कसं वाटतं त्यावरून ओळखा’ असं शिकवलं, दुसऱ्याला थेट नियम दिला. बालवाडीच्या वयाची मुलं नियमाने नीट ओळखत होती. भावनेवर सोडलेली मुलं गोंधळत होती.

नियम असा सांगा: ‘माझे खाजगी अवयव कोणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, त्यांच्याबद्दल घाण बोलायचं नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत. स्वतःचे मला दाखवायचे नाहीत, मला हात लावायला सांगायचं नाही. मी लहान असेन आणि स्वच्छतेला मदत लागत असेल, किंवा मी आजारी असेन आणि डॉक्टर तपासत असतील, तरच चालेल. तेव्हाही माझं विश्वासाचं माणूस सोबत असेल आणि त्यात गुपित काही नसेल.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. डॉक्टर, आजी, अंघोळ हे अपवाद सांगितले नाहीत तर मूल घरी जाऊन आंघोळ घालून घ्यायला नकार देतं. मग पालक चिडतात आणि कार्यक्रम बंद पडतो.

अवयवांची नावं स्पष्ट सांगा: लिंग, योनी, कुल्ले, छाती, आणि तोंडही. घरी जो शब्द वापरतात तोही फळ्याजवळ एकदा उच्चारा, म्हणजे मुलाला दोन्ही जुळवता येतात. ‘तिथे’, ‘शेम शेम’ हे शब्द वर्गात नकोत. ‘काकांनी माझा डबा उघडला’ असं सांगणाऱ्या मुलाचं म्हणणं शिक्षकाला कळणारच नाही, पोलिसांना तर मुळीच नाही.

शिरीष_मा

आराखडा चांगला आहे. पण पालक विचारणारच: एवढ्या लहान वयात हे सांगून मुलं घाबरणार नाहीत का? नको ते मनात भरणार नाही का? शिक्षकांकडे ठोस उत्तर हवं. आणि या सगळ्याने शोषण खरंच कमी होतं, असं कोणी मोजलंय का?

अभ्यासू_पुणे

शिरीषसर, दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी ठेवायला हवीत.

भीतीबद्दल: शालेय कार्यक्रमांवरच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) २४ अभ्यास होते, ५८०२ मुलं. ज्ञान वाढतं, स्वतःला वाचवण्याच्या वर्तनाच्या चाचण्यांत मुलं पुढे जातात, शिकलेलं सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचं दिसतं, आणि भीती किंवा चिंता वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही. शोषण झाल्याचं सांगण्याचं प्रमाण कार्यक्रम न झालेल्या मुलांत हजारी ४ आणि झालेल्यांत हजारी १४ असं दिसलं. मात्र हा आकडा मोजक्या अभ्यासांवर उभा आहे आणि सुट्या मुलांऐवजी पूर्ण वर्ग एकक धरून हिशोब केला की ढिला पडतो. तो पालकसभेत छातीठोक वापरू नका.

शोषण कमी होतं का, हे त्या आढाव्यातले अभ्यास सिद्ध करत नाहीत. २००० साली अमेरिकेतल्या ८२५ महाविद्यालयीन मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. लहानपणी शाळेत असा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी ८ टक्के मुलींनी शोषण झाल्याचं सांगितलं, न मिळालेल्यांपैकी १४ टक्के मुलींनी. आशादायक आहे, पण मागे वळून आठवणीवर केलेली पाहणी आहे, तेवढंच वजन द्यावं.

माझं मत असं, की मुलाला पहारेकरी करणं हा या तासिकांचा हेतूच नसावा. सात वर्षांचं मूल चाळीस वर्षांच्या माणसाला रोखू शकत नाही. शब्द मिळाले आणि ऐकणारा माणूस मिळाला तर पहिल्या-दुसऱ्या प्रसंगातच ते सांगू शकतं, आणि वर्षानुवर्षं चालणारं शोषण तिथे थांबतं. पालकांना हेच सांगावं.

मेधा_सातारा

म्हणजे ‘जोरात ओरडा, पळा, सांगा’ हे त्रिसूत्र ठेवायचं की नाही? पोलीस दीदींच्या कार्यक्रमांपासून स्वयंसेवी संस्थांच्या पत्रकांपर्यंत सगळीकडे तेच असतं.

वैशाली_समुपदेशक

ठेवा, पण वजन उलटं करा. बहुतेक मुलं त्या क्षणी गोठतात. समोर मामा, शेजारचा दादा, क्लासचे सर असताना आवाज फुटत नाही. वर्गात पंधरा वेळा ‘नाही’ ओरडायचा सराव झाला आणि प्रत्यक्षात ओरडता आलं नाही, तर मूल म्हणतं, चूक माझीच. म्हणून प्रत्येक तासिकेच्या शेवटी सगळ्यांनी मिळून ही वाक्यं म्हणायची: ‘नाही म्हणता आलं तर म्हणेन. नाही म्हणता आलं नाही तरी सांगेन. खाऊ घेतला असला तरी सांगेन. उशीर झाला तरी सांगेन. चूक माझी नाही.’

पाचव्या तासिकेत पंजाच्या बोटांवर विश्वासाच्या पाच माणसांची नावं लिहिताना निदान दोन घराबाहेरची असू द्या. कारण उघड आहे. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं होतं, आणि शोषण करणाऱ्यांत निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. पोलिसांत नोंद झालेल्या पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) गुन्ह्यांत तर ओळखीचे आरोपी नव्वद टक्क्यांहून जास्त असतात. तरी आपली प्रसंगकार्डं चॉकलेट देणाऱ्या अनोळखी माणसानेच भरलेली! दहा कार्डांत अनोळखी माणूस एकदा पुरे. बाकी नातेवाईक, शेजारी, मोठा मुलगा, व्हॅनवाले काका, शिक्षक आणि एखादी बाईसुद्धा. शिक्षकाचं कार्ड गाळायचा मोह होतो, तो आवरा. तीन-चार कार्डं निखळ सुरक्षित प्रसंगांचीही घाला, नाहीतर मुलं प्रत्येक कार्डाला ‘असुरक्षित’ म्हणत सुटतात.

मुलांना हेही सांगा: पहिल्या माणसाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला. दुसऱ्याने नाही, तर तिसऱ्याला. फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक कायम लिहिलेला असू द्या.

प्रसंग करून दाखवताना मुलांना शोषण करणाऱ्याची भूमिका कधीही द्यायची नाही, आणि स्पर्शही दाखवायचा नाही. प्रसंग तोंडी सांगायचा, सराव फक्त सांगण्याचा: आई स्वयंपाकात गुंतली आहे, तिला कसं थांबवशील, कोणत्या शब्दांत सांगशील. हा सराव मुलांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, कारण बरीच मुलं एकदा सांगायला जातात आणि ‘नंतर बोल’ ऐकून परत फिरतात.

ॲड_रश्मी

तासिका सुरू करण्याआधी शाळेने एक गोष्ट समजून घ्यावी. तासिकेनंतर एखादं मूल बोलेल, आणि त्या क्षणापासून कायदा लागू होतो. तयारी नसेल तर तासिका घेऊच नका. मुलाने सांगितलं आणि शाळेने गडबड केली, यापेक्षा वाईट काही नाही.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शक्यता वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. राजुऱ्याच्या (जि. चंद्रपूर) शालेय वसतिगृहातल्या मुलींच्या शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

शाळा इथे चुकतात: आधी ‘अंतर्गत चौकशी’ करतात. मुलाला मुख्याध्यापक विचारतात, मग संस्थाचालक, मग त्या माणसाला समोर बोलावून ‘हेच का?’ असं विचारतात. हे सगळं बेकायदा वळणावर जाणारं आहे आणि पुरावाही बिघडवणारं. खरंखोटं ठरवणं शाळेचं काम नाही. पालकांनी ‘बदनामी नको’ म्हटलं तरी शाळेची जबाबदारी संपत नाही. आणि कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हा आहे. नागपूर खंडपीठाचा उलटा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला.

कविता_बालवर्ग

रश्मीताई, मूल वर्गाबाहेर थांबून सांगायला लागलं तर पहिल्या दहा मिनिटांत शिक्षकाने नेमकं काय करायचं? बहुतेकींचे हातपाय तिथेच गळतात.

ॲड_रश्मी

काम थांबवा, मुलाच्या उंचीवर बसा. दिसेल अशा पण ऐकू जाणार नाही अशा जागी, व्हरांड्याच्या टोकाला वगैरे. बोलू द्या. तुमच्याकडून फक्त ‘हं’, ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगायचंय?’ एवढंच. ‘त्याने इथे हात लावला का?’, ‘शिपाईकाका होते का?’ असे उत्तर आत दडलेले प्रश्न नकोत, न्यायालयात पहिला हल्ला त्यावरच होतो. ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तर कधीच नको.

मग तीन गोष्टी सांगा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. आता मी हे मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना सांगणार आहे.’ ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही.

मूल गेलं की लगेच कागदावर लिहा: तारीख, वेळ, जागा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच बोलीत. तुमचा अंदाज त्यात मिसळू नका. सही करा. पोलिसांना कळवा. पालकांनाही कळवा, पण संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी पोलीस आणि बाल कल्याण समिती (मुलांच्या संरक्षणासाठीची जिल्ह्यातली सरकारी समिती). घटना नुकतीच घडली असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे काढावे लागले तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा नासतो. वैद्यकीय मदतीसाठी रुग्णालय आधी पोलिसांचं पत्र मागू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते.

जबाब घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, गणवेशाशिवाय. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे मुलासाठी साहाय्यक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलाला सोबत करणारी) मागून घ्या, हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. नाव, फोटो, शाळेचं नाव, ओळख पटेल असं काहीही पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं कलम २३ खाली गुन्हा ठरू शकतं.

नितीन_खान्देश

मुलांना शिकवणं एक, शाळा सुरक्षित करणं दुसरं. दुसऱ्याशिवाय पहिलं म्हणजे जबाबदारी पोराच्या खांद्यावर ढकलणं.

बदलापूरच्या शाळेतलं ऑगस्ट २०२४ चं प्रकरण बघा. मुली शिशुवर्गातल्या, आरोप कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर. शाळेने कळवलं नाही आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवायला उशीर केला, म्हणून उच्च न्यायालयाने दोघांना फटकारलं. त्या मुलींना कितीही शिकवलं असतं तरी स्वच्छतागृहाशी महिला सेविका हवीच होती.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत नियम ३ आहे. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठराविक काळाने व्हायला हवी. प्रत्यक्षात कायम कर्मचाऱ्यांची कागदपत्रं असतात. ठेकेदाराने बदलून पाठवलेला माणूस, व्हॅनचा बदली चालक, कराटेचे सर, गॅदरिंगचे नृत्यशिक्षक, हे सगळे गाळणीतून सुटतात. ठेकेदाराशी करार करताना ‘पडताळणी झालेल्या नावाशिवाय माणूस बदलायचा नाही’ हे कलम घाला. आणि पडताळणी म्हणजे नोंद झालेला गुन्हा नाही एवढंच. तिच्यावर विसंबू नका.

ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) सगळं आहे. कॅमेरा स्वच्छतागृहाच्या आत नसतो, नसावाच. म्हणून जागा बघून फिरा: जिन्याखालची खोली, क्रीडासाहित्याची खोली, बंद संगणककक्ष, पाण्याच्या टाकीमागचा बोळ. जिथे एक प्रौढ आणि एक मूल कोणाला न दिसता राहू शकतात त्या जागांना कुलूप लावा किंवा दाराला काच बसवा. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली असते, तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. ती वाचनालयात किंवा पाण्याच्या नळाशी हलवा. किल्ली दोघांकडे, उघडताना दोघे हजर, दर आठवड्याला, रिकामी असली तरी नोंद.

वैशाली_समुपदेशक

नितीनदादांच्या पेटीवरून वर्गातल्या चिठ्ठ्यांबद्दल. ‘ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनीच लिहा’ असं म्हटलं, की लिहिणारं मूल उघडं पडतं. तासिकेच्या शेवटी प्रत्येकाला कागद द्यायचा. प्रश्न असेल त्याने प्रश्न लिहायचा, नसेल त्याने फूल काढायचं किंवा आज डब्यात काय होतं ते लिहायचं. ‘मला बोलायचंय’ एवढं लिहून नाव टाकलं तरी पुरे. पहिलीच्या मुलांसाठी लिहिण्याऐवजी गोल रंगवायचा. चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचायच्या.

तासिका सोमवार ते बुधवार ठेवा. शनिवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर नको. बोलायचं मनात आलेलं मूल सुट्टीत घरी, कदाचित त्याच माणसासोबत, अडकतं. बरीच मुलं दोन-तीन दिवसांनी येतात, वही दाखवायच्या निमित्ताने.

आता पालकसभा. तासिकांच्या आठवडाभर आधी, ७५ ते ९० मिनिटं, वडिलांना सोयीच्या वेळी. मुलांना दाखवणार ती सगळी चित्रं आणि शब्द पालकांना आधी दाखवा, विरोध निम्मा तिथेच विरतो. मग एकच सराव द्या: मुलाने काही सांगितलं तर तोंडातून पहिलं वाक्य काय निघेल? जोडीने बोलून बघा. ‘पापी दे’, ‘काकांच्या मांडीवर बस’ अशी बळजबरी घरी थांबवायला सांगा. शरीर तुझं आहे, हे शाळेत शिकवायचं आणि लग्नात उलटं वागायचं, हे मुलाला कळत नाही.

शिरीष_मा

मुलग्यांचा मुद्दा धरून ठेवा. २००७ च्या त्याच अहवालात शोषण सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. तरी कित्येक शाळांत मुलगे मैदानावर आणि मुली वर्गात, असाच कार्यक्रम होतो. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही.

पणजीकर

गोव्यात २००३ चा बालकायदा पॉक्सोच्याही आधीचा आहे आणि मुलांसाठी वेगळं न्यायालयही त्याच कायद्याने आलं. मडगावचं १९९१ चं फ्रेडी पीट्स प्रकरण त्यामागे होतं. अनाथ मुलांचा आश्रय म्हणून चालवलेल्या जागेत शोषण झालं होतं. म्हणून आश्रमशाळा, वसतिगृहं, क्रीडा प्रबोधिनी यांना हा आराखडा तसाच लावू नका. तिथे पंजावरच्या बोटांत घराबाहेरचं माणूस म्हणजे बहुधा अधीक्षकच, आणि कधी धोका तिथूनच असतो. महिन्यातून एकदा बाहेरची व्यक्ती येऊन मुलांशी बोलेल आणि मुलांना एकांतात फोन करता येईल, अशी सोय आधी करा.

कविता_बालवर्ग

विशेष गरजांच्या मुलांचं? मतिमंदत्व असलेल्या मुलांना ‘अपवाद’ समजत नाहीत. ज्यांना रोज कोणीतरी धुवायला, कपडे बदलायला मदत करतं, त्यांना ‘हात लावू द्यायचा नाही’ हा नियम लागूच पडत नाही.

वैशाली_समुपदेशक

तिथे नियम माणसाच्या नावाने बांधतात. मदत करणारी दोन-तीनच ठरलेली माणसं, त्यांचे फोटो भिंतीवर, मदतीची पायरीपायरीची चित्रं, आणि प्रत्येक पायरीआधी ‘आता पुसू का?’ असं विचारणं. न बोलणाऱ्या मुलांच्या संवादफलकावर (चित्रांकडे बोट दाखवून बोलायचा फलक) खाजगी अवयवांची, ‘दुखतंय’, ‘थांब’, ‘सांगायचंय’ ही चित्रं हवीत. बहुतेक तयार फलकांवर ती नसतात. कर्णबधिर मुलांसाठी खुणा आधी ठरवून घ्या, आणि दुभाष्या शाळेचाच कर्मचारी असेल तर दुसराही माहीत असू द्या. एका विषयाला एकाऐवजी तीन-चार तासिका लागतात.

अभ्यासू_पुणे

मोजणीबद्दल. ‘कार्यक्रम आवडला का’ हा अभिप्राय निरुपयोगी आहे. सहा प्रसंगचित्रं दाखवा: तीन असुरक्षित, तीन सुरक्षित. प्रत्येकाला चार प्रश्न: हे ठीक आहे का? तू काय म्हणशील? काय करशील? कोणाला, काय सांगशील? तासिकांआधी एकदा, संपल्यावर एकदा, तीन महिन्यांनी एकदा. सुरक्षित प्रसंगांना ‘असुरक्षित’ म्हणणारी मुलं वाढली, तर शिकवताना भीती घातली गेली आहे. तिसरी तासिका पुन्हा घ्या. तीन महिन्यांनी घसरण दिसू शकते, म्हणून दर सत्राला एक उजळणी आणि दर वर्षी पुन्हा पूर्ण मालिका. पहिलीत एकदा शिकवलं म्हणजे चौथीपर्यंत पुरतं, असं होत नाही.

मेधा_सातारा

एक शेवटची अडचण. मूल सांगतं, शाळा कळवते, आणि दोन दिवसांनी मूल म्हणतं ‘मी खोटं बोललो’. मग गावात सगळे शाळेवर उलटतात.

ॲड_रश्मी

हे होतंच, विशेषतः आरोपी घरातला किंवा कमावता असेल तेव्हा. घरात रडारड सुरू होते आणि मूल ती थांबवायला शब्द फिरवतं. शाळेने तेव्हा मुलाला पुन्हा विचारायचं नाही आणि तक्रार मागे घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही. मूल शब्द फिरवतंय, घरात दबाव दिसतोय, हे बाल कल्याण समितीला लेखी कळवायचं. पहिल्या दिवशी जसेच्या तसे लिहिलेले शब्द इथे कामी येतात. मूल खोटं बोललं म्हणून त्याला शिक्षा होत नाही, कलम २२ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्या शिक्षकालाही नाही.

शाळेत त्या मुलाची जागा, डबा खायचे सोबती, खेळाचा तास काहीही बदलू नका. आरोपी शाळेतला असेल तर त्याला हलवायचं, मुलाला नाही. आर्थिक मदतीसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, कुटुंब कमावत्या माणसामुळे अडलं असेल तर पहिल्याच आठवड्यात त्यांना तिथे घेऊन जा.